दुःखाच्या घरचं आवतन: लुधियाना ते निलंगा

बरं, मान्य. थोरल्या दादाच्या मातीला मी नव्हतो. पण लुधियानाहून नांदेडला यायला रेल्वेनं दीड दिवस लागतो, हे आईला किती वेळा सांगायचं? फोन लावला की तेच. शेवटी वर्षश्राद्धाच्या भजनाला तरी येतो म्हणालो आणि जनरलच्या डब्यात घुसलो.

तुम्ही जाणार असाल तर सांगतो. नांदेडच्या स्टँडवरून लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते, चार तास धरा. दुपारची असेल तर डावीकडं बसा, उजवीकडं ऊन भाजून काढतं. पाणी नांदेडातच भरून घ्या. वाटेत बाभळी सोडल्या तर हिरवं काही न्हाई, पुलाखाली नदीच्या जागी पोरांचं क्रिकेट. माझ्या मागं दोघांचं जुंपलं होतं.

"उदगीर जिल्हा झाला की पाणी येतंय बघ."

"हाव, कलेक्टर घागर घेऊनच येणार हाय!"

सगळी बस हसली. मीपण हसलो, अन् कुणाकडं बघून हसावं तेच कळेना.

लातूरच्या स्टँडबाहेर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची गरम सुशीला आणि तळलेली मिरची खाल्ली. वीस रुपयांत पोट भरलं. तिथून निलंग्याची गाडी. आमचं गाव निलंग्याच्या अलीकडंच.

गावात दोन गल्ल्या. टाळ आमच्या खालच्या गल्लीचे, पखवाज वरच्या गल्लीतल्या काशिनाथआप्पांचा. गेल्या उन्हाळ्यात टँकरवर पाइप टाकायच्या रेटारेटीत दादा वरून पडला, तिथंच गेला. धक्का कुणाचा लागला, कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून गल्ल्या बोलत नाहीत, आणि आई गात नाही.

मी सरळ आप्पांचं दार गाठलं. "आप्पा, सांजच्याला भजनाला या."

"दुःखाच्या घरचं आवतन देतंय का रे कुणी? तिथं आपणहून यायचं असतं. पंजाबात जाऊन रीत इसरलास?"

"मग तुम्ही आपणहून का नाही आलात?"

घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "झालं! यायचे असले तरी आता यायचे न्हाईत."

सांजेला टाळ सुरू झाले आणि आप्पा आले. गळ्यात पखवाज, हातात फडक्यात बांधलेलं पीठ. डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय पखवाज घुमत नाही.

"वैनी, पीठ माझं. पाणी तुमच्या घागरीतलं द्या."

आई इतका वेळ नुसती उभी राहिली, की टाळ थांबले. मग तांब्या भरून आणला.

भजनाच्या शेवटी मागणं मागतात. ते आईनं गायलं. "वरच्या गल्लीला पाणी दे, खालच्या गल्लीला पाणी दे, पाण्यापायी कुणाचं लेकरू नेऊ नको, महादेवा." आप्पांचे डोळे वाहत होते. ठेका चुकला नाही.

आता परत लुधियानाच्या कारखान्यात. इथं दादाबद्दल बोलायला कुणी नाही. मशीनवर बोटांनी ठेका धरला तर शेजारचा विचारतो, "क्या बजा रहा है भाई?"

काल आई फोनवर भांडली नाही. म्हणाली, "दर सोमवारी दोन्ही गल्ल्या मिळून बसायल्यात. पखवाजाचं कातडं पार फाटायला आलंय."

लातुरात नवं मढवून मिळतं. पैसे पाठवतोय. बाराशे रुपये.