अधाशाची मास्तरीण

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिचा विद्यार्थी एकच: मागच्या खोलीत पंख्यांच्या घरघरीत बसलेलं यंत्र. इंटरनेटवरची पानं ते खंड न पाडता वाचायचं आणि जगाची माहिती आपली आपण गोळा करायचं. म्हणून त्याचं नाव पडलं अधाशी.

एके सकाळी अधाशाने जाहीर केलं, मेणबत्ती ही भाजी आहे.

झालं असं, की भाजीच्या नावापुढे 'किसून घ्या' येतं हे त्याने हेरलं होतं. गाजर किसून घ्या, मुळा किसून घ्या. मग कुणी हौशी बाईने लिहिलं, जुन्या मेणबत्त्या किसून घ्या, वितळवून नवी ओता. आली मेणबत्ती टोपलीत! आणि मेणबत्ती पेटवतात, म्हणजे जे जे पेटवतात ती भाजीच. दुपारपर्यंत कोळसा, कंदील, शेगडी, सगळी जत्रा आत. ती एक खोटी भाजी उपटून काढी, तोवर अधाशी चार नव्या लावी.

साहेब दारात येऊन हसले. "मास्तरीणबाई, आज डब्यात काय, कोळशाची सुकी?" मग हसू गिळून म्हणाले, "सोमवारी मी स्वतः याला विचारणार. असंच बरळलं तर खोलीला कुलूप. आणि हाताने निस्तरायचं नाही हं. रोज तुम्हीच निस्तरणार, तर हे कशाला पोसायचं?"

उमेदीची सगळी वर्षं तिने त्या खोलीत घातली होती.

घरी आली तर सासूबाई आणि नात यांची जुंपलेली.

"सकाळी आईकडून चॉकलेट घेतलंस, आणि दुपारी परत माझ्याकडून?"

"तू कुठे विचारलंस, आईने दिलं का म्हणून?"

"ऐक गं, तुझ्या लेकीची वकिली! आजपासून मी तुला विचारल्याशिवाय देणार नाही, तू मला विचारल्याशिवाय देऊ नकोस. बघू मग कशी फसवते भवानी!"

ती चप्पल न काढताच उभी राहिली. "आई, परत म्हणा."

"का? कानात बोळे घातलेस?"

दुसऱ्या दिवशी तिने अधाशाच्या डोक्यातल्या गटांची अशीच एकी केली. भाजीच्या गटाने काही आत घेण्याआधी दिव्यांना, इंधनाला, भांड्यांना विचारायचं, हे तुमचं तर नाही ना? जुनं शिकलेलंही पुन्हा तसंच पारखायचं. मग हाताची घडी घालून तिने त्याला मोकळं सोडलं.

सोमवारी साहेब खुर्चीत रेलले. "कोळसा भाजी आहे का?"

पडद्यावर अक्षरं उमटली: नाही. कोळसा इंधन आहे.

"मेणबत्ती?"

नाही. ती दिव्यांमध्ये आहे.

"पण ती किसतात ना?" साहेबांनी खोडा घातला.

'किसून घ्या' एवढ्यावर मी आता भाजी ठरवत नाही.

हे तर तिनेही त्याला सांगितलं नव्हतं! तिने टेबलावर अशी थाप मारली की साहेबांचा चहा सांडला.

"आई, पास झाला!" ती फोनवर ओरडली.

"कोण गं?"

"अधाशी! तुमच्याच शिकवणीने!"

"मग दे त्याला चॉकलेट," सासूबाई म्हणाल्या. "माझी परवानगी आहे."

साहेब रुमालाने टेबल पुसत होते. मागच्या खोलीत अधाशी पुढच्या पानावर गेला होता.