वंशावळीतल्या बायका

"अस्के पुरुषच? बायका कोठे गेल्या?" समोर कुणी वंशावळ उलगडली, की आमच्या डॉक्टरम्मा एवढंच विचारत. ‘अस्के’ म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळे.

तंजावूरच्या एका इस्पितळात त्या गाठींचे तुकडे तपासत आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करी. अंडाशयाचा कॅन्सर निघाला, की त्या घरच्यांना मागच्या पिढ्या विचारत. आम्ही इथले मराठी लोक या कामाला एका पायावर तयार. ओरत्तनाडूचे एक निवृत्त गृहस्थ तर नऊ पिढ्यांची वंशावळ रेशमी कापडात गुंडाळून घेऊन आले. नऊ पिढ्यांत बाई एकही नाही. इतके पुरुष बहुधा कावेरीच्या पुरात वाहून आले असावेत. डॉक्टरम्मांनी आजीचं नाव विचारलं, ते त्यांना आठवेना.

हा एक रोग नव्हे, असं त्या सांगत. एका नावाखाली तीन-चार बिऱ्हाडं राहतात. काही औषधाला दाद देतात, काही देत नाहीत, आणि एक रक्तातून उतरतं, बापाकडूनसुद्धा. ते ओळखणारी तपासणी परदेशात नुकती निघाली होती. आपल्याकडे कोला आला, केबल आली, तपासणी तेवढी वाटेत राहिली.

माझी आत्या याच रोगानं गेली, तेव्हा त्यांनी मला आजीबद्दल विचारलं. आजी पोट फुगून गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण धाकट्या बहिणीचं लग्न तिरुवैयारूला ठरत होतं, आणि मी पडलो शहाणा. म्हणालो, आजी तापानं गेली. त्यांनी तसं लिहून घेतलं. लग्न थाटात झालं.

पाच वर्षांनी बहीण पोट फुगलं म्हणून आली. तेव्हा मी खरं सांगितलं.

"आत्ता सांगतोस, होय?" डॉक्टरम्मा म्हणाल्या. मग हळूच, "रक्तातला असेल तर औषधाला बरी दाद देतो रे. वर्षं मिळतात."

आधी सांगितलं असतं तर काय मिळालं असतं, ते त्या बोलल्या नाहीत.

वर्षं मिळाली, चार. त्यांतली बरीच मी बहिणीच्या नजरेला नजर न देण्यात घालवली. आता ती नाही, डॉक्टरम्माही नाहीत. माझी शरम तेवढी ठणठणीत आहे.

बहिणीच्या रिपोर्टच्या दिवशी मी यंत्रात कागद घातला, तर डॉक्टरम्मांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि कॉफी पिऊन ये म्हणाल्या. मी दाराशीच थांबलो. जन्मात टाइपरायटरला हात न लावलेल्या त्या बाई चष्मा कपाळावर सारून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत होत्या. बहिणीचं नाव दोनदा चुकलं. दोन्ही वेळा त्यांनी कागद काढून नवा घातला.