जानोशाचं बोलावणं

धाकट्या बहिणीच्या लग्नात जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरण्या-खाण्याची सोय, माझ्याकडे होता. भडगावकडच्या आमच्या गावात तेव्हा उतरायला लॉज नव्हता, आणि हॉटेल म्हणाल तर मोटारस्टँडवरची एक चहाची टपरी. नवऱ्या मुलाकडची माणसं आली की त्यांना शाळेच्या दोन खोल्यांत उतरवायचं, आणि मग ती म्हणतील ते, म्हणतील तेव्हा, हातात आणून द्यायचं. वऱ्हाड धुळ्याचं होतं आणि अडीच दिवस राहणार होतं.

हे काम मी मागून घेतलं होतं. थोरलीच्या लग्नात तूप पातळ निघालं म्हणून तिच्या चुलतसासऱ्यांनी पान पुढे सारलं होतं, आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भर मांडवात पागोटं काढून त्यांच्या पायांवर ठेवलं होतं. मला त्या वेळी नानांचाच राग आला. त्या रागाची लाज पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली. धाकटीचं ठरलं तेव्हा मी जळगावात सरकारी कचेरीत कारकून होतो. आठ दिवसांची रजा काढली आणि नानांना सांगितलं, "या वेळी खाण्यापिण्याचं सगळं मी बघतो. तुमच्या पागोट्याला हात लावायची वेळ येऊ देणार नाही."

कोणाला काय लागतं ते मी वऱ्हाड आल्या आल्या कागदावर लिहून घेतलं. कचेरीची सवय, दुसरं काय! एकाला चहा निव्वळ दुधाचा, दुसऱ्याला बिनसाखरेचा. नवरदेवाच्या मित्रांना धुळ्याच्या हॉटेलात मिळतात तशी भजी हवी होती आणि गोळीची सोडावॉटर. ती भडगावहून सायकलवर आणवली, निम्म्या बाटल्या वाटेतच फुटल्या. एका बाईंचा उपास निघाला. तो सोमवारचा नव्हता, एकादशीचा नव्हता, तो कसला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आचारी पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाऊ, लगीन शे का दवाखाना?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे पाय सुजले होते आणि कोणी नुसतं "अहो" म्हटलं तरी डोक्यात तिडीक जात होती. चेहरा मात्र हसरा ठेवला होता. तो ठेवून ठेवून गाल दुखायला लागले.

सगळ्यांत जास्त जपलं ते नवरदेवाच्या थोरल्या काकांना. आबा म्हणत त्यांना सगळे. दात नव्हते, तिखट चालत नव्हतं. लग्नाच्या दिवशी सकाळी अर्धा तास त्यांच्यापाशी बसून मी सगळं विचारून घेतलं. त्यांच्यासाठी बिनमिरचीचं वरण वेगळं शिजवलं, बट्ट्या दुधात भिजत घातल्या, नाहीच जमलं तर शिकरण तयार ठेवलं.

अक्षता पडल्या, पानं मांडली, आणि मी बोलावणं करायला शाळेत गेलो. आमच्याकडे बोलावण्याची रीत मोठी. एकेका वडीलधाऱ्यासमोर जाऊन हात जोडायचे. पहिल्या बोलावण्याला कोणी हलत नाही, दुसऱ्याला धोतर सावरतात, तिसऱ्याला उठतात. मी दारातच उभा राहिलो आणि सगळ्यांना मिळून एकदाच म्हणालो, "चला, पानं वाढलीत." इतका थकलो होतो. माणसं एकमेकांकडे बघत उठली.

पंगतीत वरण पडलं, तूप पडलं, आणि कोणीतरी विचारलं, "आबा कुठे?" पन्नास माणसांचे हात पानावरच थांबले.

आबा शाळेच्या मागच्या ओट्यावर एकटे बसले होते. मी धावत गेलो. म्हटलं, "आबा, तुमचं वरण वेगळं केलंय." ते म्हणाले, नको. बट्टी नको, शिकरण नको, दूधभात नको. मांडे आणवतो म्हणालो, शिरा करतो म्हणालो. माझ्या कागदावर होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं. म्हातारा नुसता मान हलवत होता.

तेवढ्यात नाना आले. पाठोपाठ निम्मा मांडव. नानांनी मला काही विचारलं नाही. पागोटं काढलं आणि वाकले. आबांनी घाईघाईनं त्यांचे हात धरले, पण पागोटं पायांवर पडलंच.

"मी रुसनू नही भाऊ," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "माले कोन्ही बलावंच नही."

नानांनी हात जोडले. म्हणाले, "आबा, चला जेवाले." आणि आबा उठले, एका बोलावण्यात. मी तिथेच उभा राहिलो. त्या माणसाला मी सकाळपासून सहा पदार्थ विचारले होते.

संध्याकाळच्या आत पाठवणी झाली. शाळा झाडून घेतली, आचाऱ्यानं कढया उपड्या घातल्या. चुलीपाशी आई म्हणाली, "हे जेवले का रे?" कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

नाना खळ्यात सोडलेल्या गाडीच्या जुवावर बसले होते, उघड्या डोक्यानं. मला पाहून म्हणाले, "बठ्ठा जेवनात का?"

"जेवनात सगळे," मी म्हणालो. चुकलो म्हणायचं होतं; म्हणालो ते एवढंच: "नाना, चला जेवाले."

ते हलले नाहीत. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आखो येकदाव बलाव."

दुसऱ्या बोलावण्यासाठी मी त्यांच्या समोर गेलो, हात जोडले, आणि माझ्या वडिलांना जन्मात पहिल्यांदा पाहुण्यासारखं जेवायला बोलावलं.