मामांनी मोडलेली सोयरीक

बाळकुमचे माझे थोरले मामा पक्षाशी जेवढे एकनिष्ठ होते, तेवढा एकनिष्ठ माणूस खुद्द पक्षातही कुणी नसेल. पक्ष म्हणजे अर्थात स्वराज्य आणणारा. मामांच्या लेखी दुसरे पक्ष नव्हतेच, होती ती उगाच जमलेली गर्दी. ते स्वतः मिठागरावरचे, शाळेची पायरी न चढलेले. आमच्या सगळ्या कुळात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगतो. मामांनाही त्याचं एवढं कौतुक की माझं नावच त्यांनी टाकून दिलं. मी डोंबिवलीहून गेलो की लांबूनच हाक यायची, "काय रं बी.ए., आलास काय?"

मामांच्या मते मत म्हणजे सोयरीक. "एकदा जुलली का जुलली! आज हिकरची पोर, उंद्या तिकरची, असा कुठं चालतंय काय रं?" हे ते नुसतं बोलत नसत, तसे वागत. एकदा शहाडला नात्यातल्या लग्नाला निघालेले मामा वाटेत कल्याणला दाढी करायला बसले. न्हाव्याने अर्धी दाढी उतरवली आणि सहज पक्षाच्या पुढाऱ्यांना नावं ठेवली. झालं! मामा टॉवेल झटकून उठले आणि एक गाल गुळगुळीत, एका गालावर साबण, अशा थाटात लग्नाच्या पंगतीला बसले. कुणी विचारलं की अभिमानाने सांगत, "पक्षाचा काम होता."

पहिल्या निवडणुकीत तर त्यांनी मतदानकेंद्रच हलवून सोडलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत आपली चिठ्ठी टाकायची. मामा चपला बाहेर काढून आत गेले. पक्षाच्या पेटीत चिठ्ठी टाकली, वर झेंडूचं फूल वाहिलं, मग बाकीच्या पेट्यांनाही एकेक नमस्कार केला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. बाहेर येऊन रांगेला मोठ्याने सांगितलं की मी अमक्या पेटीत टाकलं. अधिकारी धावत आला. "अहो, मत गुप्त ठेवायचं असतं!" मामा खवळले, "गुप्त? मी काय चोरी केलीय?" त्या वर्षी सगळं गाव त्याच पेटीला गेलं. देवळापुढे बसून मामांनी गावाच्या वतीने शब्द दिला होता ना!

पुढच्या निवडणुकीच्या आधी मुंबईचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी म्हणून ठाण्यात सभांवर सभा होऊ लागल्या, आणि पक्ष मात्र ती द्यायला तयार नव्हता. आमच्या घरात पहिली बंडखोरी केली मामीने. ती रोज मुंबईच्या बाजारात भाजी विकायला जायची. चुलीपुढून उठून तिने जाहीर केलं, "मुंबय आपली नाय, त मंग कोनाची? मी औंदा दुसऱ्या पेटीत टाकनार. तुमी बसा तुमच्या व्याह्यांचं पाय धरून!" मामा दोन्ही वेळा जेवले नाहीत. मला वाटलं, रागावले. पण तसं नव्हतं. मामी बोलली ते त्यांनाही पटलं होतं, आणि खरी पंचाईत तीच होती.

कारण ठाण्याचे वकीलसाहेब. स्वातंत्र्याच्या चळवळीत मामांबरोबर तुरुंगात गेलेले, आता पक्षाचे स्थानिक पुढारी. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येई, मामांकडून सुकी मासळी जाई. वकीलसाहेब ब्राह्मण, तरी ती मुकाट्याने ठेवून घेत. मामांना पक्ष सोडण्याचं तेवढं दुःख नव्हतं. हा माणूस हातचा जाईल, याची धास्ती होती.

मी माझ्या शिक्षणाला साजेसा सल्ला दिला. "मामा, पेटीजवळ कोण बघतंय? गुपचूप टाका दुसरीकडे."

"ह्या शिकलास काय तू?" मामा कडाडले. "सोयरीक मोरायची त दारात जावून मोरायची!"

आमच्याकडची रीतच तशी. ठरलेलं लग्न मोडायचं तर घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः, दिवसाउजेडी, एक साक्षीदार घेऊन नारळ परत करायचा. मगच दुसरीकडे बोलणी. तेव्हा पांढरंशुभ्र धोतर नेसून, नारळ घेऊन मामा ठाण्याला निघाले. साक्षीदार मी.

वकीलसाहेब नारळ बघून खूश झाले. "वा! प्रचाराचा नारळ तुमच्याच हातचा!"

"साहेब," मामा उंबऱ्याबाहेरच थांबले, "हा नारल परत द्यायला आलूय. औंदा माजा मत तुमाला नाय."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "तुरुंगात एका ताटात जेवलो आपण. विसरलात?"

"नाय इसरलू. इसरलू असतू, त न सांगताच टाकला असता मत."

वकीलसाहेब आत गेले. मामा अंगठ्याने फरशी उकरत उभे. चला निघू, असं मी म्हणणार, तेवढ्यात वकीलसाहेब स्वतः चहाचे कप घेऊन बाहेर आले. "पुष्कळ जण सोडून गेले हो. सांगायला आलात ते तुम्ही एकटेच. या, आत बसा. पण तुमचं मन वळवायला मी बाळकुमला येणार हं!"

"या ना! पन बायकोसमोर नका बोलू. ती आयकायची नाय, आन तुमाला बोलून पन देयाची नाय."

बाळकुमला परतल्यावर मामांनी देवळापुढे गाव जमवलं आणि सांगितलं, "आता माजा शब्द कोनावर नाय. ज्याचा त्याना बघा." त्यानंतर गावात एका घरातून दोन-दोन पेट्यांना मतं जाऊ लागली. भांडणं झाली, पण चुली वेगळ्या झाल्या नाहीत.

निकाल लागला त्या संध्याकाळी ठाण्यात मिरवणूक निघाली. जुना पक्ष पडला होता. मी मामांना गर्दीत शोधत होतो, आणि ते सापडले वकीलसाहेबांच्या ओट्यावर, त्यांच्या शेजारी बसलेले.

"अहो, तुम्ही जिंकलात," वकीलसाहेब म्हणत होते, "मिरवणुकीत जा."

"जिकलू त खरा," मामा म्हणाले. "पन तुमी एकलंच बसलं असाल, म्हनून आलू."

मिरवणूक दारावरून गेली. कुणीतरी ओट्यावर मूठभर गुलाल उधळला, तो दोघांच्याही अंगावर पडला. मामा घाईघाईने त्यांच्या खांद्यावरचा झटकू लागले, तर वकीलसाहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या," ते म्हणाले. मग ढोल लांब जाईपर्यंत दोघे तसेच बसून राहिले.