चार गाठी पाणी

दसरा झाला की पहिल्या सोमवारी आमच्या गावात विहिरी मोजायची पद्धत होती, आणि मोजायचा मान दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. महादेवाची पूजा आटोपून, कपाळावरचं भस्म तसंच ठेवून ते निघायचे. खांद्यावर आजोबांनी गाठी मारलेला दोर, टोकाला दगड. दोर विहिरीच्या तळाला टेकला की वर ओढायचा आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. पाच भिजल्या तर गहू, चार भिजल्या तर हरभरा, तीनच भिजल्या तर ज्वारी पेरून गप्प बसायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येक मळ्यात चहा व्हायचा. दुपारपर्यंत दादांना चहाचा वीट यायचा, तरी नको म्हणायचे नाहीत. लहानपणी मला खरंच वाटायचं की गावाला किती पाणी द्यायचं ते दादाच ठरवतात. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढं पावसाचं तंत्र बिघडलं. महिना महिना दडी मारायची आणि मग एका दुपारी सगळा ओतून माती वाहून न्यायची, असं सुरू झालं. गावानं श्रमदानातून नाला खोल केला, बांध घातले. ग्रामपंचायतीनं पाणी समिती नेमली. तालुक्याच्या गावाहून, पालमहून, कृषी खात्याचे साहेब आले आणि म्हणाले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडा. विहिरींत किती पाणी आहे, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात काय पेरायचं, ते ग्रामसभेत ठरवा. मी गावातल्याच शाळेत शिक्षक. तक्ता भरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

तक्त्यात पाणी फुटांत लिहायचं होतं. शाळेच्या कपाटात टेप होता, पण विहिरी-विहिरीवर जाऊन तो सोडायचा मला कंटाळा. दादांनी त्या सोमवारी मोजलेलं होतंच. बहुतेक विहिरींत चार गाठी. एक गाठ म्हणजे एक परस, पुरुषभर उंची, म्हणजे सहा फूट. चार सक चोवीस. घरात खुर्चीवर बसून मी सगळ्या गावाचं पाणी मोजून टाकलं. ताळेबंदात गहू बसला. ग्रामसभेत लोक खूश झाले. नाला खोल केल्याचं फळ मिळालं म्हणाले.

घरी जेवताना दादांनी हात थांबवला.

"चार गाठीवर गहू? लेका, आजवर कुणी पेरला न्हाई."

"दादा, हा शास्त्रीय हिशेब हाय. तुमच्या गाठींचा जमाना गेला."

दादांनी ताट जवळ ओढलं. भाकरी मोडून खाऊ लागले.

माघातच विहिरी खाली गेल्या. तेव्हा कुठं मी कपाटातला टेप काढला आणि दादांचा दोर अंगणात पसरून मोजला. दोन गाठींत अंतर साडेचार फूट. आजोबा बुटके होते, आणि दोर पिढीभर भिजून वाळून आटलेला. गाठींवर चालणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. चार म्हणजे हरभरा, एवढंच त्याला पुरत होतं. फूट मी घुसडले होते.

गोठ्यात जाऊन दादांना सांगितलं. म्हशीपुढं कडबा टाकता टाकता त्यांनी विचारलं, "कुणाला बोललास का?"

"न्हाई."

"मग बोलू नको. गावाची लेकरं तुझ्याकडं शिकायलीत."

दोन दिवसांनी ग्रामसभा भरली. गहू ओंब्यांत होता आणि अजून पाणी मागत होता. पिण्याच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. लोक तापले होते. "मोजलं कुणी?" मागून कुणीतरी ओरडलं. मी मान खाली घातली. दादा उठले.

"मोजलं म्या. डोळ्याला कमी दिसायलंय, एक गाठ जास्तीची धरली. चुकी माझी हाय. माझ्या हिरीचं पानी आजपासून प्यायला घ्या, मोटर काढून ठेवतो."

सभा गार पडली. एकेकानं कुरकुरत का होईना, गव्हाचं पाणी तोडलं. त्या उन्हाळ्यात गाव आमच्या विहिरीवर जगलं. मला नोकरी लागली त्या साली दादांनी लावलेल्या मोसंबीची पानं आधी वळली, मग गळली. दादा रोज त्या झाडांमधून चक्कर मारून यायचे आणि मी त्यांच्या समोर जायचं टाळायचो.

पुढच्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते अंघोळ-पूजा करून ओट्यावर बसले. दुपारपर्यंत बसले. बोलवायला कुणी आलं नाही. समिती टेप घेऊन विहिरी मोजत होती आणि टेपचं टोक माझ्या हातात होतं.

आता आमच्या गावचं पाहून आसपासची गावं ताळेबंद मांडतात. शाळेच्या भिंतीवर विहिरींचे आकडे लिहिलेले असतात, पोरं ते येता-जाता वाचतात. काम चांगलं झालं, यात शंका नाही. म्हणूनच कृषी खात्यानं पालमला कार्यक्रम ठेवून माझा सत्कार केला. सरपंच भाषणात म्हणाले, "जुन्या दोरानं दगा दिला, पण गुरुजींनी गाव सावरलं."

खरं बोलायला तेवढी जागा पुरेशी होती. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी हार घालून घेतला. पहिल्या रांगेत दादा बसले होते, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.