नवा पिस्टन आणि बाळापूरचा रस्ता
रॉकेलनं धुतलेल्या लोखंडाचा वास आला की माझी मूठ आजही आपोआप आवळते. जठारपेठेतल्या मिस्त्रीनं माझ्या जुन्या फटफटीत नवा पिस्टन, नवे बेरिंग बसवले आणि तेवढ्यात बाळापूरहून सासऱ्यांचा निरोप आला: बायकोला कळा सुरू झाल्या. “पयले पाचशे मैल हळूच चालवा, पळवसान तं इंजिन जाम होईन,” मिस्त्रीनं बजावलं. रस्ताभर जीव पुढे धावत होता. दोनदा ॲक्सिलरेटरची मूठ पिळली, दोनदा भिऊन सैल सोडली. सायकलवरचा एक दूधवालाही हसत पुढे निघून गेला. पोचलो तेव्हा मुलगी न्हाऊन झोपली होती. बायकोनं विचारलं, “फटफटी तं सुखरूप हाये न?” ती फटफटी कधीच भंगारात गेली, पण मुलीच्या दर वाढदिवसाला बायको अजून तेच विचारते.