कूलंट, कुत्रा आणि मी

तारापूरच्या कारखान्यात मी घातक कचऱ्यावर व्याख्यानं देतो, म्हणून गाडीचं इंजिन थंड ठेवणारं जुनं कूलंट बोईसरच्या घरी स्वतःच काढायचं ठरवलं. ते जुन्या टबात काढलं आणि झाकणाचा डबा आणायला आत गेलो. बाहेर येतो तर शेजारचा कुत्रा टब हुंगत होता! कूलंट चवीला गोड, पण विषारी. मी ओरडत धावलो, थोडं सांडलं होतं त्यावरूनच घसरलो आणि आडवा झालो. कुत्रा घाबरून पळाला.

चिंचणीहून आलेल्या सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं, "जावईबापू, लागलं नाय ना?"

"नाही," मी पडल्यापडल्याच म्हणालो.

सांडलेलं वाळूने टिपलं. टबातलं डब्यात ओतून त्यावर ‘विष’ लिहिलं. वाळू आणि डबा लंगडत गॅरेजवाल्याकडे पोचवले. जुनं कूलंट गोळा करणाऱ्यांना तो ते देतो. कुत्रा मात्र अजून माझ्यावरच भुंकतो.